भीती असतानाही : ग्लॅडिस एलवर्ड

बुजऱ्या मुलाला आपण सगळेच सांगतो, घाबरू नकोस. तेवढ्याने भीती जात नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे. अशा मुलांना एकदा ग्लॅडिस एलवर्डची गोष्ट सांगून बघा.

ग्लॅडिसचा जन्म १९०२ सालचा, लंडनच्या एडमंटन भागातला. वडील पोस्टमन. उंची जेमतेम पाच फूट. चौदाव्या वर्षी शाळा सुटली आणि पुढे ती श्रीमंतांच्या घरी कामाला लागली. चीनमध्ये जाऊन ख्रिस्ताचा संदेश सांगायचा तिला ध्यास लागला. पण प्रशिक्षणातला अभ्यास झेपला नाही आणि मिशनने तिला नाकारलं. या वयात हिला चिनी भाषा येणार नाही, असंही त्यांचं मत पडलं. तिने पुन्हा घरकाम धरलं, पगारातून तिकिटाचे हप्ते भरले आणि सैबेरियाच्या रेल्वेने ती निघाली. यांगचेंग या डोंगराळ गावात जेनी लॉसन या वृद्ध मिशनरी बाईंबरोबर ती खेचरवाल्यांची सराय चालवू लागली. रात्री जेवणं झाली की त्यांना बायबलच्या गोष्टी सांगायच्या. चिनी भाषा तिथेच शिकली, आणि उत्तम शिकली!

एकदा गावच्या तुरुंगात दंगल उसळली. आत जायची शिपायांची छाती होईना, म्हणून तुरुंगाधिकाऱ्याने ग्लॅडिसला बोलावलं. तुझा देव तुझ्यात राहतो, तो तुला राखतो, असं तूच सांगत असतेस ना, मग तू जा, असं त्याचं म्हणणं. बघा, केवढा पेच! नाही म्हणावं तर आजवरची सगळी शिकवण पोकळ ठरणार. ती मनातून हादरली होती, तरी देवाकडे बळ मागून आत गेली. अंगणात रक्त सांडलेलं, प्रेतं पडलेली आणि एक कैदी कुऱ्हाड घेऊन धावतोय. तिने त्याला कुऱ्हाड द्यायला सांगितलं. त्याने ती दिली. मग तिने कैद्यांची गाऱ्हाणी ऐकली. उपासमार आणि रिकामे हात, हेच मूळ होतं. पुढे खटपट करून तिने त्यांना हातमागाचं काम मिळवून दिलं. मला कुऱ्हाडीपेक्षा हा भाग मोठा वाटतो.

पण हीच बाई पुढे खचलीसुद्धा, आणि मुलांना सांगताना हे वगळू नका. १९४० मध्ये जपानी फौजांपासून वाचवण्यासाठी सुमारे शंभर अनाथ मुलांना घेऊन ती डोंगर तुडवत निघाली. बारा दिवसांनी पीत नदी आली, तर पलीकडे न्यायला नावच नाही. अन्न संपलेलं, अंगात ताप. तिचा धीर सुटला. तेव्हा तिच्याच एका मुलीने तिला मोशेची आठवण दिली, देवाने त्याच्यासाठी समुद्रातून वाट काढली होती ना! मी काही मोशे नाही, असं ग्लॅडिस म्हणाली. त्यावर, पण देव तर तोच आहे, असं ती पोरगी म्हणाली. सगळ्यांनी प्रार्थना केली, गाणी म्हटली. ते सूर एका चिनी अधिकाऱ्याच्या कानी पडले आणि त्याने नावेची सोय केली.

मुलं शियानच्या बाजूला सुखरूप पोचली. त्यानंतर ग्लॅडिस टायफसने कोसळली आणि बरेच दिवस शुद्धीवर नव्हती.