उत्तनच्या मातीतले काका बॅप्टिस्टा



मनोरीहून गोराई मागे टाकून पुढे गेले की उत्तन लागते. आपल्यापैकी कितीतरी जणांची तिथे सोयरीक आहे. त्याच उत्तनच्या एका कॅथलिक घराण्यातला मुलगा लोकमान्य टिळकांचा जवळचा सहकारी झाला, हे आपल्या मुलांना क्वचितच ठाऊक असते. शाळेच्या पुस्तकात टिळक भेटतात, जोसेफ बॅप्टिस्टा भेटत नाहीत.

त्यांचा जन्म १७ मार्च १८६४ रोजी माझगावच्या माथारपाखाडीत झाला. वडील जॉन हे उत्तनचे. माझगावच्या सेंट मेरीज शाळेत शिकून जोसेफ पुढे विलायतेला गेले, १८९९ साली केंब्रिजची पदवी घेतली आणि बॅरिस्टर झाले.

आपल्या समाजाची तेव्हाची स्थिती ध्यानात घ्यायला हवी. ईस्ट इंडियन हे नावच आपण १८८७ साली, राणी व्हिक्टोरियाच्या ज्युबिलीच्या वेळी घेतले. आपण इथले मूळचे आहोत हे सरकारला कळावे आणि नोकऱ्यांत आपला विचार व्हावा, हा त्यामागचा हेतू. अशा समाजातल्या बॅरिस्टरने १९०८ च्या राजद्रोहाच्या खटल्यात टिळकांना साथ द्यायची, याला धाडस लागत होते. टिळकांना सहा वर्षांची शिक्षा होऊन ते मंडालेला गेले. तरी बॅप्टिस्टांनी त्यांची साथ सोडली नाही.

त्यांच्या विचारांवर आयर्लंडचा मोठा प्रभाव होता. तेही कॅथलिकांचे राष्ट्र, तेही इंग्रजी अंमलाखाली, आणि सनदशीर मार्गाने स्वतःचा कारभार मागणारे. बादशहाशी वैर न धरता स्वराज्य मागणे हा राजद्रोह होत नाही, ही होमरूलवाल्यांची कायद्याची बाजू. २८ एप्रिल १९१६ रोजी बेळगावात होमरूल लीग स्थापन झाली, तेव्हा टिळकांनी स्वतः पद घेतले नाही. अध्यक्ष झाले बॅप्टिस्टा. त्याच वर्षी टिळकांवरील नव्या राजद्रोहाच्या प्रकरणात मुंबई हायकोर्टाने टिळकांच्या बाजूने निकाल दिला. पुढच्या वर्षी बॅप्टिस्टा विलायतेला गेले आणि तिथल्या मजूर पक्षाला त्यांनी हिंदुस्थानची बाजू समजावली. स्वराज्याच्या हक्काची टिळकांची गाजलेली घोषणा मुळात बॅप्टिस्टांची, असेही काही जण मानतात. त्या वादात आम्ही पडत नाही.

आम्हाला अधिक मोलाचे वाटते ते त्यांचे कामगारांविषयीचे चिंतन. १९२० साली मुंबईत आयटक ही कामगारांची अखिल भारतीय संघटना स्थापन झाली. लाला लजपतराय अध्यक्ष आणि बॅप्टिस्टा उपाध्यक्ष. पुढच्या वर्षी झरियाच्या अधिवेशनाचे अध्यक्ष तेच होते. कामगार म्हणजे श्रम विकणारा गडी नव्हे, तो धंद्यातला भागीदार आहे, असा त्यांचा आग्रह. कुणाला हे मालकधार्जिणे वाटेल, पण आम्हाला तसे वाटत नाही. मालक आणि मजूर यांना एकमेकांची गरज आहे, ही पोप तेरावे लिओ यांच्या १८९१ च्या परिपत्रकातली शिकवणही याच्या जवळची आहे. भागीदार म्हटले की हिशेब मागता येतो. मच्छीमार गावांत, जिथे बोटीच्या मिळकतीचे वाटे पडतात, तिथे हे वेगळे सांगायला नको.

१९२० च्या सुरुवातीला नव्या पक्षाच्या वृत्तपत्राचे संपादक व्हावे म्हणून त्यांनी अरविंद घोषांना गळ घातली होती. अरविंदांनी पाँडिचेरीहून नम्रपणे नकार कळवला. १९२५ साली बॅप्टिस्टा मुंबई म्युनिसिपालिटीचे अध्यक्ष, म्हणजे आजच्या भाषेत महापौर, झाले. मराठी मंडळी त्यांना प्रेमाने काका म्हणत.

१९३० साली ते वारले. शिवडीच्या ख्रिस्ती दफनभूमीत त्यांची कबर आहे, आणि डॉकयार्ड रोड स्टेशनजवळच्या माझगावच्या टेकडीवरची बाग त्यांच्या नावाने ओळखली जाते.