पंडिता रमाबाई आणि 'कृपा' या शब्दाचा अर्थ



'कृपा' हा शब्द आपण दिवसातून कितीदा वापरतो! अर्जात 'कृपया' लिहितो, पाऊस वेळेवर आला की देवाची कृपा म्हणतो, मुलाचा निकाल चांगला लागला तरी तेच म्हणतो. ख्रिस्ती धर्मात मात्र या शब्दाला एक नेमका अर्थ आहे, आणि तो समजायला वाटतो तितका सोपा नाही. मराठी ख्रिस्ती लोक त्याला कृपा म्हणतात, कधी अनुग्रहही म्हणतात.

आधी साधा फरक पाहू. महिनाभर काम केलं की मिळतो तो पगार. स्पर्धेत पहिला आला की मिळतं ते बक्षीस. गुण पाहून मिळते ती शिष्यवृत्ती. या सगळ्यांत पात्रता आधी आणि मिळणं नंतर. ख्रिस्ती अर्थाने कृपा म्हणजे याच्या उलट. माणसाने काहीच कमावलेलं नसताना, उलट चुकलेला असताना, देव त्याला आपलं म्हणतो. उधळ्या पुत्राच्या दाखल्यात बापाने सगळी इस्टेट उडवून परतलेल्या मुलाला हिशोब विचारला नाही, धावत जाऊन मिठी मारली. ती मिठी म्हणजे कृपा.

हा अर्थ नुसत्या व्याख्येने वर्गात पोचत नाही. एखाद्या आयुष्यातून पाहिला तर पोचतो. पंडिता रमाबाईंचं आयुष्य त्यासाठी फार उपयोगी आहे, कारण त्यांनाही तो समजायला बरीच वर्षं लागली.

पुण्याची कमाई

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, सह्याद्रीतल्या गंगामूळ इथल्या रानातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. बायकांना संस्कृत शिकवू नये असा तो काळ, पण त्यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना शिकवलं, आणि आईने लेकीला. खूप लहान वयात रमाला पुराणं तोंडपाठ झाली.

हे कुटुंब सतत तीर्थयात्रेत असायचं. देवळात, नदीच्या घाटावर पुराण सांगायचं, मिळेल त्यावर भागवायचं. स्नान, उपास, जप, दानधर्म सगळं मनापासून चालायचं. त्यात होती नव्हती ती संपत्ती गेली. मग १८७० च्या दशकात दुष्काळ आला. कष्टाची मजुरी माहीत नाही, भीक मागणं जमत नाही, अशा अवस्थेत वडील गेले, पाठोपाठ आई, मग थोरली बहीण. उरले रमा आणि भाऊ श्रीनिवास. दोघांनी पायी हजारो मैल हिंदुस्थान पालथा घातला.

त्या तरुण मुलीच्या मनात काय चाललं असेल, याचा विचार करा. शास्त्रात सांगितलेलं सगळं केलं होतं, काहीच राखून ठेवलं नव्हतं. तरी हिशोब जुळत नव्हता.

अधिकाराचा प्रश्न

१८७८ साली भावंडं कलकत्त्याला पोचली. तिथल्या विद्वानांनी रमाबाईंना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. स्त्रियांपुढे व्याख्यानं द्यायची म्हणून त्या धर्मशास्त्राचे ग्रंथ बारकाईने वाचू लागल्या, आणि वाचता वाचता अस्वस्थ झाल्या. स्त्रियांना आणि शूद्रांना वेदांचा अधिकार नाही, त्यांचा मोक्षाचा रस्ता वेगळा आणि लांबचा, असं त्यांना ठिकठिकाणी आढळलं. म्हणजे पुण्य कमवायचं म्हटलं तरी कमावण्याची मुभासुद्धा जन्मावर ठरलेली! आपल्याकडे संतांनी भक्तीचा दरवाजा सगळ्यांना उघडला होता, हे खरं. पण रमाबाई वाढल्या त्या शास्त्री घराण्यात अधिकार हाच शब्द मोठा होता.

१८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी, जातीबाहेर, नोंदणी पद्धतीने लग्न केलं. पतीच्या पुस्तकांत त्यांना लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली प्रत सापडली. १८८१ मध्ये मनोरमा जन्मली आणि १८८२ च्या सुरुवातीला पती पटकीने गेले. चोवीस वर्षांच्या आतच रमाबाई विधवा झाल्या. तान्ह्या मुलीला घेऊन त्या पुण्याला आल्या, आर्य महिला समाज काढला, हंटर आयोगापुढे स्त्रीशिक्षणाची बाजू मांडली.

लंडनमधलं एक घर

१८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या. डॉक्टर व्हायचं मनात होतं, पण ऐकू कमी येत असल्यामुळे ते राहिलं. वाँटेज इथल्या जोगिणींच्या मठात त्या राहिल्या. या भगिनींनी त्यांना लंडनमधल्या फुलम भागातलं आपलं एक घर दाखवलं. समाजाने 'पतित' म्हणून टाकलेल्या बायका तिथे राहात होत्या. भगिनी त्यांची प्रेमाने काळजी घेत होत्या.

रमाबाईंना नवल वाटलं. अशा बाईला जवळ करायचं, तिच्यासाठी घर चालवायचं, हे त्यांनी तोवर पाहिलं नव्हतं. हे कशासाठी, असं विचारल्यावर एका भगिनीने त्यांना शोमरोनी स्त्रीची गोष्ट सांगितली. लोक जिला टाळायचे, जी भर दुपारी एकटी विहिरीवर आली होती, तिच्याकडे येशूने पाणी मागितलं, तिच्याशी धर्माच्या खोल गोष्टी बोलला, आणि तिचं सगळं आयुष्य ठाऊक असूनही तिला हाकललं नाही. रमाबाईंच्या मनात हे घर करून राहिलं. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

इथे आपल्याला वाटेल की गोष्ट संपली. पण नाही. धर्म बदलला तरी स्वभाव तोच होता : अभ्यासाचा, वादविवादाचा, स्वतःच्या बळावर उभं राहण्याचा. मठातल्या वडीलधाऱ्या भगिनींशी त्यांचे सिद्धांतांवरून वाद झाले. एका पुरोहितवर्गाच्या हाताखालून सुटून दुसऱ्याच्या हाताखाली जायला त्या तयार नव्हत्या.

आठ वर्षांनंतर

अमेरिकेत व्याख्यानं देऊन आणि उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर पुस्तक लिहून त्यांनी मदत उभी केली. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी 'शारदा सदन' सुरू झालं. पुढच्या वर्षी ते पुण्याला हललं.

काम जोरात चाललं होतं, पण मन शांत नव्हतं. या सुमारास त्यांच्या वाचनात विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मगुरूचं आत्मचरित्र आलं. हा माणूस कित्येक वर्षं चर्चमध्ये उपदेश करत होता आणि मग त्याला उमगलं की आपण धर्म सांगतो, पण देवाशी आपलं नातंच जुळलेलं नाही. रमाबाईंना त्यात आपणच दिसलो. १८९१ च्या आसपासची ही गोष्ट, बाप्तिस्म्याला आठ वर्षं झाली होती. त्यांनी पुढे आपल्या साक्षीत हेच नोंदवलं की ख्रिस्ती धर्म त्यांना आधी मिळाला, ख्रिस्त नंतर. आपण शुद्ध होऊ, लायक होऊ, मग देव जवळ करील, असं त्या समजत होत्या. आता कळलं की ते आधीच दिलेलं आहे, फक्त हात पुढे करायचा आहे. लहानपणापासून डोक्यावर असलेलं कमाईचं ओझं त्या दिवसांत उतरलं.

कृपेची परीक्षा

खरी परीक्षा पुढेच होती. शारदा सदनात धर्माच्या बाबतीत तटस्थता पाळली जाईल, असं ठरलेलं होतं. मुलींची सोवळ्याओवळ्याची सोयही ठेवलेली होती. पण रमाबाईंच्या प्रार्थनेला मुली येऊन बसू लागल्या, आणि पुण्यात गदारोळ झाला. १८९३ मध्ये सल्लागार मंडळींनी अंग काढून घेतलं, अनेक पालकांनी मुली घरी नेल्या.

शिक्षक म्हणून मला इथे दोन्ही बाजू दिसतात. रमाबाईंना जे अनमोल वाटलं ते त्या लपवू शकत नव्हत्या. पण पालकांनी ज्या भरवशावर मुली पाठवल्या, त्या भरवशाचं काय, हा सवालही पोकळ नव्हता. कृपा खरंच विनाअट असेल, तर तिच्या बदल्यात काहीच मागता येत नाही, धर्मसुद्धा नाही. हा पेच आजही प्रत्येक सेवाभावी संस्थेपुढे असतो, मग ती कुठल्याही धर्माची असो.

मग १८९६-९७ चा दुष्काळ आला. ज्या उपासमारीने आपलं कुटुंब खाल्लं तिच्याच तोंडातून रमाबाईंनी मध्य प्रांतातल्या सुमारे तीनशे मुली-बायका सोडवून आणल्या आणि पुणे-दौंड मार्गावरच्या केडगावला ठेवल्या. तिथे 'मुक्ती' उभी राहिली, आणि ही संस्था उघडपणे ख्रिस्ती होती. १९०० च्या दुष्काळानंतर तिथे दीड हजारावर माणसं होती. जात कोणती, अक्षरओळख आहे का, अंगावर काय रोग आहे, हे दारात विचारायचं नाही. विणकाम, शेती, दूध-दुभतं, छापखाना असं काम प्रत्येकीला शिकवायचं. अंध मुलींना मनोरमाबाईंनी ब्रेल शिकवली. आणि फुलममध्ये पाहिलेल्या घरासारखं एक घर इथेही निघालं. त्याचं नाव रमाबाईंनी ठेवलं 'कृपा सदन'.

मग काम कशाला?

मुलं हमखास विचारतात : सगळं फुकट मिळालंय, तर एवढे कष्ट कशाला? ख्रिस्ती विचारातलं उत्तर असं की कष्ट ही किंमत नसते, ते उपकाराचं स्मरण असतं. आईने वाढवलं म्हणून आपण तिची सेवा करतो, पण सेवा करू या अटीवर तिने वाढवलेलं नसतं.

रमाबाईंनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळं बायबल खेड्यातल्या बाईला कळेल अशा सोप्या मराठीत आणलं. मुक्तीच्या छापखान्यात मुलींनीच त्याचे खिळे जुळवले. १९२१ मध्ये मनोरमाबाई गेल्या. लेकीच्या दुःखातही त्यांनी काम सोडलं नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावला त्यांचं निधन झालं, आणि ते भाषांतर त्यांच्या मागे प्रसिद्ध झालं.

आपण ख्रिस्ती असू वा नसू, वर्गात रोज आपल्यापुढे हाच प्रश्न असतो. गृहपाठ न केलेल्या, मळक्या कपड्यात आलेल्या, मागच्या बाकावरच्या मुलाला आपलं लक्ष मिळतं ते त्याने कमावल्यावर, की त्याच्या आधी? गुण कमवायलाच हवेत, पण माया कमवावी लागू नये.

वर्गात चर्चेसाठी (इयत्ता आठवी ते दहावी)

१. बक्षीस, दया आणि कृपा या तीन शब्दांत काय फरक आहे? प्रत्येकाचं एक उदाहरण घरातलं द्या.
२. बाप्तिस्म्यानंतरही रमाबाईंचं मन अस्वस्थ का राहिलं?
३. शारदा सदनाच्या वादात तुम्ही पालक असता तर काय केलं असतं? रमाबाईंच्या जागी असता तर?
४. तुमची पात्रता न बघता तुम्हाला कोणी काही दिलं आहे का? त्यानंतर तुम्हाला काय करावंसं वाटलं?