सुकाणू शोधणारा शस्त्रवैद्य

तान्ह्या मुलाला न्हाऊ घालताना एखादी जाणती आजी चटकन सांगते, की याचे एक अंड अजून खाली उतरलेले नाही. ‘उतरणे’ हे क्रियापद आपण सहज वापरतो. पण ते उतरते कुठून आणि कसे, हे अडीचशे वर्षांपूर्वीपर्यंत नीटसे उलगडले नव्हते. ते उलगडून दाखवणाऱ्यांत पहिले नाव जॉन हंटरचे.

हंटरचा जन्म १७२८ चा, स्कॉटलंडात ग्लासगोजवळच्या एका शेतकरी घरातला. दहा भावंडांत हा शेंडेफळ. शाळेत त्याचे मन कधी रमले नाही. ढग, गवत, मुंग्या, पाखरे हीच त्याची पुस्तके. विसाव्या वर्षी तो लंडनला थोरल्या भावाकडे आला. विल्यम हंटर हे तिथले नावाजलेले डॉक्टर, शरीररचनेचा वर्ग चालवीत. त्या वर्गासाठी प्रेतांचे विच्छेदन करून ठेवणे हे जॉनचे काम. अकरा-बारा हिवाळे त्याने ते केले. (ही प्रेते बहुधा कबरींतून चोरून आणलेली असत. हंटरच्या चरित्रातला हा डाग पुसता येण्यासारखा नाही.)

याच काळात त्याने अपुऱ्या दिवसांची मृत अर्भके एकामागून एक तपासली. वृषण आरंभी पोटात, मूत्रपिंडांच्या शेजारी असतात आणि तिथून एक दोरीसारखा बंध खाली वृषणकोशाकडे गेलेला असतो. गर्भारपणाच्या शेवटच्या दोन-तीन महिन्यांत या बंधाच्या वाटेने वृषण जांघेतून खाली येतात. हंटरने त्या बंधाला लॅटिन नाव दिले, गुबर्नाकुलम, म्हणजे सुकाणू. १७६२ मध्ये भावाच्या ग्रंथात ही निरीक्षणे छापून आली. वृषण उतरल्यावर ती वाट बंद झाली नाही, तर आतडे त्यातून खाली सरकते. तान्ह्या मुलांतला अंतर्गळ तो हाच. आणि वृषण वाटेतच अडकला, तर पोटातली ऊब त्याला मानवत नाही. पुढे वंध्यत्वाचा आणि कर्करोगाचाही धोका वाढतो. म्हणूनच, बाळ सहा महिन्यांचे होऊनही अंड उतरले नसेल, तर थांबू नये, सर्जनना दाखवावे. दीड वर्षाच्या आत होणारी शस्त्रक्रिया छोटी असते. मूल मोठे झाले की आपोआप होईल, या भरवशावर आपल्याकडे अजून कितीतरी वर्षे वाया जातात.

मध्यंतरी हंटर लष्करात शस्त्रवैद्य म्हणून जाऊन आला. १७६८ मध्ये सेंट जॉर्जेस रुग्णालयात लागला. देवीची लस काढणारा जेन्नर हा त्याचाच शिष्य. प्रश्न डोक्यात घोळवत बसण्यापेक्षा करून पाहा, ही गुरूची शिकवण होती.

याच शिकवणीने गुरूला मात्र एकदा दगा दिला. परमा आणि गरमी, म्हणजे उपदंश, हे दोन रोग की एकच, हा त्या वेळचा मोठा वाद. १७६७ मध्ये हंटरने परम्याच्या रोग्याचा पू एका निरोगी माणसाच्या शिस्नावर टोचला. तो माणूस खुद्द हंटरच, असे पुष्कळांनी लिहिले आहे. अभ्यासकांचे त्यावर एकमत नाही. पुढे तिथे उपदंशाचा व्रण उठला. झाले, रोग एकच, असा निकाल हंटरने दिला. मूळ रोग्याला दोन्ही रोग एकदम जडलेले असणार, ही शंका त्याला आली नाही. १७८६ च्या त्याच्या ग्रंथामुळे ही चूक पक्की झाली आणि १८३८ मध्ये फ्रान्सच्या रिकॉरने ती मोडून काढीपर्यंत टिकली. नावाचा दबदबा मोठा, म्हणून चूकही दीर्घायुषी!

त्याच ग्रंथात दुसरा हंटरही भेटतो. एका स्त्रीजवळ गेले की आपले काही चालत नाही, अशी तक्रार घेऊन एक गृहस्थ आले. सहा रात्री तिच्याजवळ झोपा, पण संबंध ठेवायचा नाही, असा निश्चय करा, असे हंटरने सांगितले. भीती गेली, उलट निश्चय पाळणेच अवघड होऊन बसले. (आजचे डॉक्टर अशा तक्रारीत मधुमेह आणि रक्तदाबही तपासतात, तेही योग्यच.) एका कापडदुकानदाराचे लघवीचे छिद्र जन्मतः शिस्नाच्या खालच्या अंगाला होते, मूल होत नव्हते. हंटरने त्याला पिचकारीचा उपाय सांगितला आणि त्याच्या पत्नीला दिवस राहिले. खच्ची केलेल्या जनावरांत प्रोस्टेट ग्रंथी आक्रसलेली असते, हेही त्याने नोंदवून ठेवले. प्रोस्टेटच्या कर्करोगावर हाच धागा धरून शिकागोच्या चार्ल्स हगिन्सने १९४१ मध्ये उपचार मांडला. त्याला १९६६ चे नोबेल मिळाले.

हंटरला छातीतल्या कळांचा जुना विकार होता, आणि स्वभाव तापट. १६ ऑक्टोबर १७९३ रोजी रुग्णालयाच्या बैठकीत वाद झाला आणि तो तिथेच कोसळला. त्याच्या संग्रहातले हजारो नमुने सरकारने १७९९ मध्ये १५ हजार पौंडांना विकत घेतले. हस्तलिखिते मात्र मेहुणा एव्हरार्ड होम याच्या ताब्यात गेली आणि १८२३ मध्ये त्याने ती जाळून टाकली. कापडदुकानदाराची हकिकत होमनेच १७९९ मध्ये छापली होती, म्हणून ती वाचली.