एमएसची ओळख पटवणारे डॉक्टर : जाँ-मार्तँ शार्को

घरात कुणाला फिट आली आणि तपासणीत मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस) निघाला, तर तुम्ही गोंधळून जाल. या दोन्ही आजारांच्या रुग्णांमध्ये आयुष्य घालवलेल्या एका डॉक्टरांची ही ओळख.

जाँ-मार्तँ शार्को यांचा जन्म १८२५ मध्ये पॅरिसमध्ये, घोडागाड्या बनवणाऱ्या कारागिराच्या घरी झाला. १८६२ पासून ते तिथल्याच साल्पेत्रिएर रुग्णालयात काम करू लागले. तिथे हजारो गरीब, आजारी स्त्रिया वर्षानुवर्षे राहत. शार्को त्यांना बारकाईने तपासत, लक्षणे नोंदवत आणि मृत्यूनंतर मेंदू व मज्जारज्जू तपासून कारण शोधत.

हात थरथरणाऱ्या रुग्णांमधला फरक त्यांनी दाखवला. पार्किन्सनमध्ये हात स्वस्थ असताना थरथरतो. एमएसमध्ये पाण्याचा पेला उचलायला गेल्यावर. मेंदूतले चट्टे इतरांनी आधी पाहिले होते, पण १८६८ मध्ये शार्को यांनी ते लक्षणांशी जोडून एमएस हा वेगळा आजार म्हणून मांडला. पुढे फिट येणाऱ्या रुग्णांचा विभागही त्यांच्याकडे आला.

एमएसमध्ये फिट का येते?

एमएसमध्ये मज्जातंतूंवरच्या मायेलिन या आवरणाला इजा होते. चट्टा मेंदूच्या बाहेरच्या थरात किंवा त्याच्या जवळ असेल, तर फिट येऊ शकते. एमएसच्या १०० रुग्णांपैकी साधारण २ ते ३ जणांना असा त्रास होतो. फिट हेच पहिले लक्षण असणे त्याहून दुर्मीळ. त्यामुळे फिट आली म्हणजे एमएसच, असे समजू नका.

तुम्ही काय करावे?

पूर्वी कधी एका डोळ्याने अंधुक दिसले, हातपाय बधिर झाले किंवा तोल गेला असेल, तर ते आपोआप बरे झाले असले तरी डॉक्टरांना सांगा. फिट आल्यावर रुग्णाला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका. कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नका. पहिलीच फिट असेल किंवा ती ५ मिनिटांपेक्षा जास्त चालली, तर लगेच रुग्णालयात न्या.

शार्को १८९३ मध्ये वारले. त्यांच्या काळात चट्टे दिसत ते रुग्णाच्या मृत्यूनंतरच, आणि एमएसवर परिणामकारक औषधही नव्हते. आज एमआरआयमध्ये ते रुग्ण हिंडता-फिरता असतानाच दिसतात. आजाराचा वेग कमी करणारी आणि फिट आटोक्यात ठेवणारी औषधेही आहेत. म्हणून तपासणी पुढे ढकलू नका.