संत कामिलस: कृपा लाभल्यानंतरची वाट

देवाची कृपा मनुष्याला एका क्षणात लाभू शकते. परंतु त्या कृपेस साजेल असे वागावयास उभा जन्म लागतो. बाप्तिस्म्याने आत्मा शुद्ध झाला, कुमसारात पापांची क्षमा मिळाली, म्हणजे आपले कर्तव्य संपले, अशी समजूत आम्हां ख्रिस्ती जनांच्या मनांत नकळत घर करते. खरे पाहता तेथूनच कर्तव्याचा आरंभ होतो. ज्युबिलीच्या ह्या शुभप्रसंगी, हे सत्य ज्यांनी आपल्या आचरणाने दाखवून दिले त्या संत कामिलस दे लेलिस यांचे चरित्र आम्ही वाचकांस थोडक्यात निवेदन करीत आहोत.

कामिलसचा जन्म 25 मे 1550 रोजी इटलीतील नेपल्सच्या राज्यात, बुक्कियानिको ह्या गावी झाला. बाप लष्करी अधिकारी असून बहुधा घराबाहेरच असे. आई धर्मशील, तिला हे मूल उतारवयात झाले होते. परंतु मुलगा हट्टी व तापट निघाला आणि तेराव्या वर्षी मातृछत्रही हरपले. पुढे बापाप्रमाणे त्याने शिपाईगिरी पत्करली व व्हेनिसच्या सैन्यात तो तुर्कांविरुद्ध लढला. शरीर धिप्पाड, उंची सहा फुटांहून अधिक. पण मनावर ताबा मुळीच नाही. जुगाराचे व्यसन तर हाडीमासी खिळले होते. त्यातच पायाला एक जखम झाली. ती त्याच्या मरणापर्यंत कधीच पुरती बरी झाली नाही.

ह्या जखमेवर उपचार व्हावेत म्हणून 1571 साली तो रोम येथील सान जाकोमो इस्पितळात गेला आणि तेथेच चाकरीसही राहिला. पण पत्ते काही सुटेनात. भांडखोर व जुगारी म्हणून त्याला काढून टाकण्यात आले. बापाच्या मरणानंतर फ्रान्सिस्कन मठवासी होण्याचा नवस त्याने एकदा केला होता. तोही विसरला गेला. अखेरीस 1574 साली नेपल्समध्ये त्याने जवळचे सर्वस्व जुगारात घालविले. अंगातला सदरासुद्धा गेला! ज्याने तलवार गाजविली, तोच मान्फ्रेदोनिया गावी देवळाच्या दाराशी भिक्षा मागत उभा राहिला.

तेथे कापुचिन मठाचे बांधकाम चालू होते. गाढवांवरून दगड, चुना व पाणी वाहून नेण्याचे काम त्याला मिळाले. एके दिवशी त्याला सान जोव्हान्नी येथील मठात कामगिरीवर पाठविले असता, तेथील मठाधिपती फ्रा आंजेलो यांनी त्याला जवळ बसवून देवाविषयी व पापाच्या परिणामाविषयी चार शब्द सांगितले. दुसऱ्या दिवशी, 2 फेब्रुवारी 1575 रोजी, पवित्र मरियेच्या शुद्धीकरणाच्या सणाच्या सकाळी, परतीच्या वाटेवर ते शब्द त्याच्या काळजात रुतले. तो जनावरावरून खाली उतरला आणि भर रस्त्यात गुडघे टेकून ढसढसा रडला. त्या वेळी त्याचे वय चोवीस वर्षांचे होते.

कित्येक चरित्रे येथेच संपतात. कामिलस यांचे येथे सुरू होते. कृपा लाभली म्हणून जखम बरी झाली नाही. कापुचिन मठात त्यांना प्रवेश मिळाला, पण जखम पुन्हा वाहू लागल्याने त्यांना मठ सोडावा लागला. दुसऱ्यांदा गेले, तेव्हाही तेच घडले. देवाने बोलाविले आणि दार मात्र बंद, असे पाहून एखादा निराश झाला असता व जुन्या सोबत्यांकडे परतला असता. कामिलस परतले ते सान जाकोमो इस्पितळात. जेथून जुगारी म्हणून हाकलले गेले होते, तेथेच! तेथे त्यांनी इतक्या निष्ठेने सेवा केली की पुढे त्या इस्पितळाची सारी व्यवस्था त्यांच्याच हाती सोपविण्यात आली.

त्या काळच्या इस्पितळांची स्थिती शोचनीय होती. पगारी चाकर रोग्यांकडे दुर्लक्ष करीत. मरणोन्मुखांस अन्नपाणी मिळत नसे, मग साक्रामेंत कोठून मिळणार! पैशासाठी नव्हे, तर प्रेमासाठी सेवा करणाऱ्या माणसांचा संघ असावा, असा विचार 1582 साली त्यांच्या मनांत आला. काही सोबती मिळाले, त्याबरोबर विरोधही झाला. खिन्न मनाने प्रार्थना करीत असता क्रुसावरील प्रभूने हात पुढे करून, हे कार्य माझे आहे, असा त्यांना धीर दिला, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. धर्मगुरू व्हावे म्हणून वयाच्या बत्तिसाव्या वर्षी ते लहान मुलांच्या बाकावर बसून लॅटिन शिकले. 1584 साली, स्वदेशातून परागंदा झालेले बिशप टॉमस गोल्डवेल यांच्या हस्ते त्यांना गुरुदीक्षा मिळाली.

1586 साली पोप पाचवे सिक्स्टस यांनी संघाला मान्यता दिली व झग्यावर तांबडा क्रूस धारण करण्याची अनुज्ञा दिली. जिनिव्हा येथे 1863 साली रेड क्रॉसचा उगम झाला, त्याच्या पावणेतीनशे वर्षे आधीची ही गोष्ट. 1591 साली संघाला धर्मसंस्थेचा दर्जा मिळाला. ब्रह्मचर्य, दारिद्र्य व आज्ञापालन ह्या तीन व्रतांना ह्या बंधूंनी चौथे व्रत जोडले: जिवावर बेतले तरी रोग्यांची सेवा करावयाची. हे व्रत कागदावर राहिले नाही. नेपल्सच्या बंदरात साथीने पछाडलेल्या गलबतांस उतरण्याची मनाई झाली, तेव्हा हे बंधू गलबतांवर चढले. त्यांतील दोघांनी तेथे सेवा करताना देह ठेविला.

कामिलस स्वतः रोग्यापुढे गुडघे टेकून त्याला भरवीत. रोग्यात त्यांना साक्षात प्रभू येशू दिसे, आणि कित्येकदा त्याच्याजवळ ते आपल्या पापांची क्षमा मागत. 1598 च्या नाताळात तिबेर नदीला महापूर आला, तेव्हा सान्तो स्पिरितो इस्पितळातील रोग्यांना त्यांनी बंधूंच्या मदतीने वरच्या मजल्यावर सुखरूप हलविले. अंथरूण घालणे, घाण काढणे ही कामेही बंधूंनीच करावी काय, ह्यावर संघात मतभेद झाला. पण त्यांना कोणतेही काम हलके वाटले नाही. 1607 साली त्यांनी मुख्याधिकारपद सोडले व ते पुन्हा रोग्यांच्या खाटांकडे वळले. पायाची जखम होतीच, इतर व्याधीही जडल्या. चालवेना तेव्हाही ते धडपडत उठून दुसऱ्या रोग्यांची विचारपूस करीत. 14 जुलै 1614 रोजी रोम येथे त्यांनी देह ठेविला. 1746 साली ते संतपदास चढले. पुढे पवित्र ख्रिस्तसभेने त्यांना रोगी, इस्पितळे व परिचारिका यांचे आश्रयदाते संत ठरविले.

वाचकहो, वाटेवरचे ते रडणे एका सकाळचे; त्यानंतरची सेवा एकोणचाळीस वर्षांची. त्या अश्रूंचा खरेपणा ह्या वर्षांनी सिद्ध केला. आम्हांलाही देवाने बाप्तिस्म्यात, कुमसारात व मिस्साबलीत हीच कृपा दिली आहे. आमच्यापैकी प्रत्येकाची एखादी न भरणारी जखम असेल: जडलेला आजार, तापट स्वभाव, मागे लागलेले व्यसन, घरातील दारिद्र्य. ती बरी झाल्यावर देवाची सेवा करू, असे म्हणत थांबणे हा मोह आहे. कामिलस थांबले नाहीत. लंगडतच चालत राहिले. शेजारचा आजारी म्हातारा, औषधाला पैसे नसलेली विधवा, ज्याच्या दारी कोणी जात नाही असा रोगी, हे आमच्या धर्मग्रामात आजही आहेत. त्यांच्या दाराशी आमची पावले वळली, तर ही ज्युबिली देवाला मान्य होईल.

संत कामिलस यांनी आम्हांसाठी प्रभूपाशी विनंती करावी, हीच प्रार्थना.