मायक्रोवेव्ह फिरतो, पण गरम करत नाही? जाणून घ्या पर्सी स्पेन्सर यांची कहाणी
दिवा लागतो, ताटली फिरते, पण अन्न थंडच. अशा वेळी अनेकदा संशय जातो मॅग्नेट्रॉनवर. याच नळीच्या लहरींवर अन्न शिजवणारा ओव्हन घडवला पर्सी स्पेन्सर यांनी.

१८९४ मध्ये अमेरिकेतील मेन राज्यात त्यांचा जन्म झाला. वडील लवकर वारले, आई सोडून गेली, नातेवाइकांनी वाढवले. शाळा अर्धवट सुटली. बाराव्या वर्षी गिरणीत काम सुरू झाले. पुढे नौदलात असताना ते पुस्तकांतून स्वतःच रेडिओचे तंत्र शिकले.

दुसऱ्या महायुद्धात रेथिऑन कंपनीत रडारसाठी लागणाऱ्या मॅग्नेट्रॉनचे उत्पादन त्यांनी दिवसाला २,६०० वर नेले. चालू मॅग्नेट्रॉनजवळ त्यांच्या खिशातला खाऊ वितळला. मग त्यांनी मक्याचे दाणे ठेवून पाहिले, लाह्या फुटल्या! १९४५ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला. १९४७ चा पहिला ओव्हन सुमारे ३४० किलोंचा होता. १९७० मध्ये त्यांचे निधन झाले.

घरी काय तपासाल? दार नीट बसते का, पॉवर कमी ठेवलेली नाही ना, एवढेच. कपभर पाणी मिनिटभर ठेवून बघा. तरीही थंडच राहिले, तर तंत्रज्ञाला बोलवा. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणी वीज साठलेली असू शकते, त्यामुळे मागचे आवरण स्वतः उघडू नका.