बधिरांचे गुरू लोराँ क्लेर

नागपूरला शंकरनगरात मूकबधिर मुलांची शाळा आहे. मुंबईत तर अशी शाळा १८८५ सालीच निघाली. परंतु त्याच्या शंभर वर्षे आधी, ज्याला ऐकू येत नाही त्याला विद्या येणेच शक्य नाही, अशी बहुतेकांची समजूत होती. ही समजूत ज्यांनी खोटी ठरविली, त्यांत लोराँ क्लेर हे प्रमुख होत. ते स्वतः बधिर होते.

लोराँचा जन्म २६ डिसेंबर १७८५ रोजी फ्रान्समधील ला बाल्म या खेड्यात झाला. एक वर्षाचा असताना तो खुर्चीवरून विस्तवात पडला व त्याचा उजवा गाल भाजला. त्याला ऐकू येत नाही, हेही पुढे ध्यानात आले. औषधोपचार व्यर्थ गेले. अक्षरओळख नसलेला हा मुलगा गुरे राखीत असे. बाराव्या वर्षी काकांनी त्याला पॅरिसच्या बधिर-विद्यालयात घातले.

तेथे एक शिक्षक त्याला मुखाने बोलावयास शिकवीत. 'द' आणि 'त' यांतील भेद लोराँला काही केल्या साधेना. शिक्षकांनी संतापून हनुवटीवर असा तडाखा दिला की, त्याची जीभ दातांखाली चावली गेली. पुन्हा मुखाने बोलावयाचे नाही, असा निश्चय त्याने त्या दिवशी केला. खुणांची भाषा व लेखी फ्रेंच यांत मात्र तो इतका निष्णात झाला की, पुढे त्याच शाळेत शिक्षक झाला.

अमेरिकेतील गॅलॉडेट नावाचे गृहस्थ शेजारच्या ॲलिस या बधिर मुलीसाठी शिक्षणपद्धती शोधीत युरोपात आले होते. त्यांच्या विनंतीवरून क्लेर १८१६ मध्ये अमेरिकेस निघाले. जहाजावर ५२ दिवस गेले. क्लेर त्यांना खुणा शिकवीत आणि ते क्लेरना इंग्रजी. दोघेही गुरू, दोघेही शिष्य! अमेरिकेत पोचल्यावर ठिकठिकाणी सभा झाल्या. क्लेर यांनी लिहिलेली भाषणे गॅलॉडेट वाचून दाखवीत. बधिर मनुष्य इतके शुद्ध लिहितो, हे पाहून लोक थक्क होत. कनेक्टिकटच्या विधिमंडळाने ५,००० डॉलर दिले आणि १५ एप्रिल १८१७ रोजी हार्टफर्ड येथे शाळा उघडली. पहिल्या मुलांत ॲलिसही होती.

बधिर लोक एकमेकांना खुणेची नावे देतात. दोन बोटे गालावरून खाली ओढली की, ते झाले क्लेर! भाजल्याचा तो डागच त्यांचे नाव बनला होता.

तीन वर्षांसाठी आलेले क्लेर तेथे ४१ वर्षे शिकवीत राहिले. त्यांचे विद्यार्थी शिक्षक होऊन निरनिराळ्या प्रांतांत गेले व ही भाषा त्यांच्याबरोबर गेली. म्हणूनच, अमेरिकन लोक इंग्रजी बोलत असले, तरी तेथील बधिरांच्या खुणा इंग्लंडपेक्षा फ्रान्समधील खुणांशी अधिक जुळतात.

१८६४ मध्ये वॉशिंग्टन येथे बधिरांसाठी महाविद्यालय निघाले, तेव्हा ७८ वर्षांचे क्लेर त्या समारंभास गेले होते. १८ जुलै १८६९ रोजी हार्टफर्ड येथे त्यांचे निधन झाले.